शून्यावर

दहीपुलाजवळ, उताराच्या तोंडाशी
दीड खणाचं दुकान माझं. इथे काटे दुरुस्त होतात.
पाटीवर अजून बापाचंच नाव, याकोब रणपिसे,
त्यातला ‘ब’ गेल्या पुराने नेला.
गिऱ्हाईकं मला याकोमावशी म्हणतात.

शरणपूरहून निघताना प्रार्थना होते ती हेल्मेटच्या आत,
चार शब्द, सिग्नल सुटला की तुटणारे.
सीबीएसच्या वळणावर मागचा हॉर्न मारतो
आणि माझ्या तोंडून निघतं ते काही आमेन नसतं.
तुला तेही ऐकू जातं.

रविवारी पाळकसाहेब म्हणाले,
पवित्र म्हणजे वेगळं काढून ठेवलेलं.
मला आमची पेटी आठवली:
मखमलीच्या खळग्यांत निजलेली पितळी वजनं.
चिमट्यानेच उचलायची, बोट लावायचं नाही,
बोटाचा घामसुद्धा तोलात धरला जातो.
वर्षातून दोनदा उघडते ती पेटी.
त्या वजनांनी आजवर छटाकभर शेंगदाणे तोलले नाहीत.

फळीखालची लोखंडी मात्र
गूळ, कांदा, खिळे, द्राक्षांचे क्रेट तोलून
आपटून आपटून झिजलेली.
त्यांच्या बुडाला एक भोक असतं.
झिजलं की त्यात शिसं ओतायचं, वरून शिक्का.
बाप म्हणायचा, वजन चांगलं की वाईट ते नंतर,
आधी बघ, शिसं घ्यायला जागा आहे का.

परवा शलमोनकाका आले.
पहिल्या बाकावरचे, दानाची थैली फिरवणारे,
कॉलेज रोडला सुक्या मेव्याचं दुकान.
“किलोमागे वीस ग्रॅम, एस्तेर. सगळेच करतात.
आपण बाजारात राहतो, स्वर्गात नाही.”
मी म्हटलं, होणार नाही.
ताठ मानेने नव्हे,
त्यांच्या चपलांकडे बघत.

कारण ओबेदच्या फीची तारीख होती त्या जूनमध्ये
भद्रकालीतल्या एका भंगारवाल्याचा काटा
मी स्वतः उघडून सरकवला होता.
चारशे रुपये.
पुढच्या वर्षी नीट करायला गेले,
तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली.
काटा कुठे गेला, पोराला माहीत नव्हतं.
कुठेतरी चालू असेल.
कुणी बाई गोणीभर पत्रा घालून
थोडं कमी घेऊन घरी जात असेल, माझ्या हिशोबाने.

आणि काल दिवेलागणीला चिंधाबाई आली,
गंगेवर बुधवारच्या बाजारात बसणारी.
कपाळभर कुंकू, काखेत काटा तान्ह्या पोरासारखा.
“मावशे, ह्यो रिकामाच पंधरा ग्रॅम दावतोय.
कधीपासनं, ठावं नाही.
किती जणांचं खाल्लं असंल गं मी?”
असं कुणी विचारत नाही या दुकानात.
आमच्या बाकांवरही
मी ऐकलेलं नाही.

पैसे घेतले नाहीत. तिने ओट्यावर दोन मुळे ठेवले,
नदीकडे तोंड करून हात जोडले,
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
भिंतीवरच्या तुझ्या क्रुसालाही.
मी नको म्हटलं नाही.
हो म्हणायचं होतं, तेही सुचलं नाही.

शटर ओढायच्या आधी रोज शेवटचा काटा तपासते.
पारड्यात काही ठेवायचं नसतं तेव्हा.
सगळं उतरवायचं, चहाचा ग्लास, चाव्या, स्वतःचा हात,
आणि बघायचं, रिकामा होऊन शून्यावर येतो का.
हात काढलाय असं वाटतं, पण आकडा म्हणतो दोन.
मग शून्य. मग उणे एक.
पंखा बंद करते.
तरी थरथरतो,
सराफ बाजारातून कुणाची तरी वरात येतेय,
ढोल, ताशा, नाचणारी पोरं,
त्यात ओबेदही असेल, त्याच्या मित्राचं लग्न आहे.

बाजार सोडून काटा नेऊ कुठे?
दोन्ही हातांनी ओटा धरून ठेवते,
वरात जाईपर्यंत.